ज्यांच्या पैशातून पगार, त्यांना मत नाही

मागच्या वर्षी जूनमध्ये आमच्या इमारतीच्या प्रवेशदारात, टपालपेट्यांच्या वर, एक कागद चिकटवलेला दिसला. पॅरिसच्या अकराव्या विभागातली ही सहा मजली जुनी इमारत. मी इथे नऊ वर्षं भाड्याने राहते. कागदावर चारच ओळी होत्या. मालकांच्या वार्षिक सभेने गार्दिएनचं पद रद्द करायचं आणि तिची खोली विकायची ठरवलं आहे, सप्टेंबरअखेर ती निवृत्त होईल, त्यानंतर साफसफाई एका कंपनीकडे राहील. खाली सही-शिक्का. आम्हा भाडेकरूंना कुणी काही विचारलं नव्हतं. कायद्याने विचारायची गरजही नाही. झालेला निर्णय कळवायचा असतो, तो त्यांनी कळवला.

गार्दिएनला मराठीत शब्द सापडत नाही. वॉचमन म्हटलं की गणवेश, प्लॅस्टिकची खुर्ची आणि एजन्सीने बदलत राहिलेले चेहरे डोळ्यांपुढे येतात. पॅरिसची गार्दिएन, जिला पूर्वी कॉन्सिएर्ज म्हणत, त्याच इमारतीत राहते. तळमजल्यावर जिन्याशेजारी तिची खोली असते, तिला ‘लोज’ म्हणतात. जिना पुसणं, टपाल वाटणं, पार्सल ठेवून घेणं, नळवाल्याला वर नेऊन सोडणं ही तिची कामं. आणि कचऱ्याचे डबे. १८८३ मध्ये पूबेल नावाच्या प्रीफेक्टने, म्हणजे सरकारने नेमलेल्या प्रशासकाने, पॅरिसच्या घरमालकांवर झाकणाच्या डब्यांची सक्ती केली. लोक इतके चिडले की त्यांनी डब्यालाच त्याचं नाव दिलं. फ्रेंचमध्ये कचऱ्याचा डबा आजही ‘पूबेल’च आहे, आणि तेव्हापासून पहाटे तो रस्त्यावर ओढत न्यायचं काम बहुतेक इमारतींत हिच्याकडेच आलं.

आमच्या बाईंची लोज अठरा चौरस मीटरची होती. काचेच्या दाराला खालून अर्ध्यापर्यंत क्रोशाचा पडदा, आत शिरलं की जावेलच्या पाण्याचा (म्हणजे ब्लीचचा) आणि कॉफीचा मिसळलेला वास. भिंतीवर एक फळी, तिच्यावर तीन रांगांत खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर एका घराची जादा किल्ली. किल्ल्यांना नावाच्या चिठ्ठ्या नव्हत्या, वेगवेगळ्या रंगांच्या लोकरीचे तुकडे बांधलेले होते. माझी हिरवी. चोर शिरला तर त्याला काय कळणार, असं त्या म्हणायच्या. एकतीस वर्षं त्यांनी ही फळी सांभाळली.

त्या पोर्तुगीज. आई-वडील साठच्या दशकात सालाझारच्या हुकूमशाहीतून, आफ्रिकेतल्या वसाहतींच्या युद्धात मुलाला धाडायला नको म्हणून, चोरवाटेने निघाले. त्या प्रवासाला पोर्तुगीज लोक ‘उडी’ म्हणत. निघणाऱ्याचा फोटो मधोमध फाडायचा, अर्धा घरच्यांकडे, अर्धा त्याच्या खिशात. फ्रान्सला सुखरूप पोचला की तो आपला अर्धा भाग घरी धाडी, दोन्ही तुकडे जुळले की सीमा पार करवणाऱ्याला उरलेले पैसे मिळत. १९७५ च्या जनगणनेत फ्रान्समधले पोर्तुगीज साडेसात लाखांवर गेले होते. पुरुष बांधकामावर, बायका लोजमध्ये. त्यांच्या आधी फ्रान्सच्याच ब्रतान्य आणि ओव्हेर्न्य प्रांतांतून आलेल्या, मग स्पॅनिश बायका हेच काम करत होत्या. शहरात नव्याने आलेल्या माणसाला पगार आणि डोक्यावर छप्पर एकाच जागी मिळण्याचा हा जुना रस्ता होता. लोज विकली की तोही बंद होतो.

गार्दिएन गेली म्हणून मी हळहळते, तेव्हा इथल्या जुन्या डाव्या विचाराच्या मित्रांना राग येतो, आणि त्यांचा राग समजून घ्यायला हवा. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये भाडेकरूकडे रस्त्यावरच्या दाराची किल्लीच नसे. रात्री परतलेल्याने बाहेरून ओरडायचं, ‘कॉर्दाँ, सिल् वू प्ले’, म्हणजे दोरी ओढा. मग कॉन्सिएर्ज अंथरुणातून हात लांब करून दोरी ओढी आणि दार उघडे. कोण किती वाजता आलं, कुणाबरोबर आलं, कुणाकडे भाडं थकलंय, कुणाला कुठून पत्र येतं, सगळं तिला ठाऊक. पोलिसांनी या माहितीचा भरपूर उपयोग करून घेतला. १८४२-४३ साली एका वर्तमानपत्रात क्रमशः आलेल्या कादंबरीत पिपले आडनावाचं कॉन्सिएर्ज जोडपं होतं. त्यावरून बडबड्या, चुगलखोर माणसाला फ्रेंचमध्ये ‘पिपलेत’ म्हणतात ते आजतागायत.

याहून काळं पानही आहे. १६ आणि १७ जुलै १९४२ ला, नाझींच्या ताब्यातल्या शहरात, पॅरिस पोलिसांनी सुमारे तेरा हजार ज्यूंना घरांतून उचललं. त्यांत चार हजारांहून जास्त मुलं होती. पोलिसांना दिलेल्या लेखी सूचनांत होतं की गॅस आणि वीज बंद करा, पाळीव जनावरं आणि किल्ल्या कॉन्सिएर्जकडे द्या. त्या किल्ल्या हातात आल्यावर काही जणींनी घरं लुटू दिली, काहींनी स्वतः लुटली. काही जणींनी मात्र आदल्या रात्रीच दारं ठोठावून ‘पळा’ म्हणून सांगितलं आणि मुलांना आपल्या लोजमध्ये दडवलं. सगळ्यांचं काम एकच, सगळ्यांना इमारतीतलं माणूस न् माणूस माहीत. त्या माहितीचं काय करायचं हे एकेकीने आपापलं ठरवलं.

ही नजर मला अनोळखी नाही. मी गिरगावातल्या चाळीत वाढले. ‘काय गं, आज उशीर?’ हा प्रश्न पहिल्या मजल्यावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत चार तोंडांनी विचारला जायचा. पॅरिसला आले तेव्हा दाराचा आकडे दाबायचा डिजिकोड, अंधारा जिना आणि कुणाचंही आपल्याकडे नसलेलं लक्ष यांनी मला श्वास दिला. रात्री एक वाजता घरी येणाऱ्या एकट्या बाईला ही मोकळीक काय असते ते मला कुणी समजावून सांगायला नको. म्हणून पहिली दोन वर्षं मी बाईंना नुसतं ‘बाँजूर मादाम’ म्हणून घाईने पुढे जात होते.

फरक हळूहळू लक्षात आला. चाळीतली नजर फुकट असते, म्हणून तिला वेळकाळ नसतो, आणि ती चुकली तर तिला जाब विचारायचीही सोय नसते. बाईंच्या नजरेला कामाचे तास होते, करार होता, मर्यादा होती. संध्याकाळी पडदा ओढला गेला की त्या त्यांच्या घरी, आम्ही आमच्या. त्यांनी माझ्याबद्दल कुणाला काही सांगितलं असतं तर मी तक्रार करू शकले असते, आणि त्यांनाही ते माहीत होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून एका घराची गोष्ट दुसऱ्या घरात गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि हा करार सहज मिळालेला नाही. कॉन्सिएर्जला कामगार कायद्याच्या चौकटीत आणणारा कायदा १९३९ चा, देशभरासाठीचा सामूहिक करार १९७९ चा. त्या कराराने कामाला गुण लावले: इतके जिने, इतके डबे, इतक्या घरांचं टपाल, सर्वसाधारण देखरेखीचेही थोडे. दहा हजार गुण झाले की पूर्ण वेळची नोकरी. शिवाय तेरावा पगार, आणि नोकरीवरून काढलं तर घर सोडायला किमान तीन महिन्यांची मुदत. त्याआधीच्या पिढ्या उजेड नसलेल्या खोल्यांत, अंगणातला संडास वापरत, रात्रंदिवस दोरीशी बांधल्यासारख्या जगल्या. माझ्या मनाला लागतं ते हेच. हे काम माणसासारखं जगता येईल असं झालं, आणि त्याच सुमारास ते परवडेनासं झालं. सत्तरच्या दशकात आलेला डिजिकोड पुढच्या काही वर्षांत दारोदार बसला, मग मालकांना वाटू लागलं की दार यंत्र उघडतं तर बाई कशाला.

आता पैशांचं बोलू, कारण आमच्या सभेत बोलणं फक्त त्याचंच झालं असणार. १० जुलै १९६५ च्या सहमालकीच्या कायद्याप्रमाणे इमारतीचे निर्णय मालकांची सभा घेते. मतं माणशी एक नसतात. ज्याचं घर मोठं त्याचा वाटा मोठा, आणि त्याची मतंही जास्त. गार्दिएनचं पद रद्द करायला आणि लोज विकायला साधं बहुमत पुरत नाही. निम्म्याहून जास्त मालक हवेत आणि त्यांच्याकडे एकूण मतांपैकी दोन तृतीयांश हवीत. इमारतीच्या नियमावलीत गार्दिएन हा त्या वास्तूच्या स्वरूपाचाच भाग मानलेला असेल तर एकमत लागतं. कुंपण बरंच उंच आहे, हे मान्य करायला हवं.

पण कुंपणाच्या आत कोण आहे ते बघा. पॅरिसमध्ये स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारी कुटुंबं तिनात एक. उरलेले बहुतेक आमच्यासारखे भाडेकरू. गार्दिएन जिना आणि कचरा दोन्ही बघत असेल तर १९८७ च्या हुकुमाप्रमाणे तिच्या पगारातला ७५ टक्के भाग मालक भाडेकरूकडून वसूल करू शकतो, दोहोंपैकी एकच काम असेल तर ४० टक्के. म्हणजे इतकी वर्षं बाईंच्या पगारातला माझ्या घराच्या वाट्याचा तीन चतुर्थांश भाग मी भरत होते. तिला ठेवायचं की नाही या सभेत मात्र मला बसायचं नव्हतं. माझा घरमालक बोर्दोला राहतो. नऊ वर्षांत तो दोनदा इमारतीत आला, आणि बाईंचं नाव त्याला ठाऊक नव्हतं.

यापुढचा भाग मला कुणी सांगितला नव्हता, हिशेबाचा कागद आल्यावर कळला. कंपनीने केलेल्या साफसफाईचा खर्च भाडेकरूकडून पूर्ण वसूल करता येतो, अगदी शंभर टक्के. गार्दिएन असताना मालकाच्या खिशातून जाणारा पाव हिस्सा कंपनी आली की वाचतो. वर लोज विकून पैसे. पॅरिसमधल्या जुन्या घरांचा सरासरी भाव २०१९ मध्ये चौरस मीटरला दहा हजार युरोंवर गेला. नंतर थोडा उतरला, तरी अठरा चौरस मीटरचे दीड लाखाच्या वर होतातच. या दोन गोष्टी हातात असताना कुठला अनुपस्थित मालक नाही म्हणेल? मी त्यांना लोभी म्हणत नाही. कायद्यानेच हिशेब असा मांडून दिलाय की ज्याला बाईंचा उपयोग नाही त्याला त्या जाण्यात फायदा, आणि ज्याला उपयोग आहे त्याला तोंड नाही.

चौथ्या मजल्यावर अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या एक आजी एकट्या राहतात. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी अंगणाकडे उघडते. सकाळी न्याहारीची भांडी पुसून झाली की त्या फडका खिडकीच्या गजावर वाळत घालतात आणि संध्याकाळी आत घेतात. निळ्या चौकडीचा, नाहीतर लाल काठाचा. या फेब्रुवारीत शनिवारी सकाळी मी कचरा टाकायला अंगणात उतरले तेव्हा लाल काठाचा फडका गजावर होता. रात्रभर पाऊस झाला होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. मी वर पाहिलं, ठिबकणारं पाणी पाहिलं आणि अंगावर पडू नये म्हणून बाजूला होऊन पुढे गेले. रविवारी दुपारी त्यांची मुलगी लियाँहून आली तेव्हा आजी स्वयंपाकघराच्या फरशीवर होत्या. शुक्रवार दुपारपासून. खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ सुकलेले, पण शुद्धीवर. वाचल्या.

इस्पितळातून परतताना मुलीने मला सांगितलं की तिचा आणि बाईंचा ठराव होता. सकाळी नऊपर्यंत फडका बदललेला दिसला नाही, की बाई किल्ली घेऊन वर जायच्या आणि मग तिला फोन करायच्या. अकरा वर्षं. त्यात एकदा न्यूमोनिया वेळेत कळला होता. या कामाला सामूहिक करारात गुण नाहीत. फडका मलाही दिसला होता. बघणं माझं काम नव्हतं, म्हणून दिसूनही मी पाहिला नाही. आता कंपनीचा तरुण मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे सहाला येतो. एका सकाळी त्याला अशा नऊ इमारती उरकायच्या असतात. त्याने वर बघायचं कधी? तो चांगला मुलगा आहे. त्याला आमच्यापैकी कुणाचंच नाव माहीत नाही, आणि आम्हाला त्याचं.

फ्रान्सने हे एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. ऑगस्ट २००३ च्या उष्णतेच्या लाटेत जवळपास पंधरा हजार माणसं दगावली, बहुतेक म्हातारी, कितीतरी एकटी राहणारी. पॅरिसमध्ये जस्ताच्या छपराखालच्या खोल्या भट्टीसारख्या तापल्या आणि शेजारी सुट्टीवर गेलेले. शेवटी ज्यांच्यासाठी कुणीच आलं नाही असे सत्तावन्न मृतदेह शहराबाहेर तिएच्या दफनभूमीत पुरले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष शिराक स्वतः उभे होते. त्यानंतर महापालिकेने एकट्या वृद्धांची यादी केली, उन्हाळ्यात फोन करायची व्यवस्था केली. चांगलं केलं. पण यादीत नाव घालायला आधी कुणाला तरी ते माणूस आहे हे माहीत लागतं. एकट्या वृद्धांसाठी काम करणाऱ्या ‘पती फ्रेर दे पोव्र’ या संस्थेच्या पाहणीत कुटुंब, मित्र, शेजार सगळ्यांपासून तुटलेले वृद्ध २०१७ मध्ये तीन लाख होते आणि २०२१ मध्ये पाच लाख तीस हजार.

गरज संपलेली नाही, हे बाजाराला बरोबर कळलंय. टपाल खात्याने २०१७ मध्ये शुल्क घेऊन एक सेवा सुरू केली: आईवडिलांकडे पोस्टमन ठरलेल्या दिवशी डोकावेल आणि ख्यालीखुशाली कळवेल. पर्यटकांना घरं भाड्याने देणाऱ्यांसाठी किल्ल्या सांभाळणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांनी स्वतःला नाव काय घेतलं, तर ‘कॉन्सिएर्जरी’. लोजमधून बाईला काढली आणि तिचं पदनाम तेवढं ठेवून घेतलं. रस्त्यातल्या रेलिंगांना या किल्ल्यांच्या आकडेवाल्या डब्या इतक्या लटकल्या की सार्वजनिक जागेतल्या डब्यांवर महापालिकेला २०२५ मध्ये बंदी घालावी लागली. एकेक काम सुटं करून विकता येतं, हे यावरून सिद्ध झालं. पण ज्या आजींना आपल्याला कशाची गरज आहे हेच माहीत नाही, त्या कुठली सेवा विकत घेणार?

आणि सरकारलाही हे कळत नाही असं नाही. २००१ च्या हुकुमाने शहरांतल्या ‘संवेदनशील’ ठरवलेल्या वस्त्यांत भाड्याच्या शंभर किंवा अधिक घरांच्या इमारतसमूहांना दर शंभर घरांमागे देखरेखीला निदान एक माणूस ठेवायची सक्ती केली. गरीब वस्तीत माणूस हवा हे मान्य आहे, पण सुरक्षेच्या नावाखाली, संशयापोटी. सुखवस्तू वस्तीत तोच माणूस चैन ठरतो आणि मालकांच्या खुशीवर सोडला जातो. दोन्हीकडे सोबत म्हणून त्याला कुणी मोजत नाही. १३ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री आमच्यापासून पंधरा मिनिटांवर, बाताक्लां नाट्यगृहातल्या दहशतवादी हल्ल्यातून रक्ताळलेली माणसं पळत सुटली तेव्हा जवळच्या इमारतीतल्या पोर्तुगीज गार्दिएनने दार उघडून त्यांना आत घेतलं. पुढच्या जूनमध्ये पोर्तुगालच्या राष्ट्राध्यक्षांनी पॅरिसला येऊन अशा माणसांचा गौरव केला. त्या रात्री त्या भागातल्या कितीतरी दारांना फक्त आकडे होते.

माझं म्हणणं एवढंच आहे की १९६५ च्या कायद्यात एक बदल करा. गार्दिएनचं पद आणि लोज या एकाच विषयावर, पगाराचा वाटा भरणाऱ्या प्रत्येक राहत्या घराला, मालकीचं असो की भाड्याचं, मत द्या. छप्पर, लिफ्ट, दर्शनी भिंत मालकांनी खुशाल ठरवावं, ती मालमत्ता त्यांची आहे. गार्दिएन ही मालमत्ता नाही. तिच्या पगाराचा मोठा भाग आम्ही भरतो, आणि ती नसली तर फरशीवर आमच्यातलंच कुणीतरी पडून राहतं. त्याबरोबर वसुलीचा नियमही सरळ करा: कंपनीच्या बिलातला पाव भागही मालकानेच सोसायचा, म्हणजे बाई काढण्यातला छुपा नफा जाईल.

बारा घरांच्या इमारतीला पूर्ण पगार झेपत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण आमच्या गल्लीत अशा सहा इमारती ओळीने उभ्या आहेत आणि सगळ्यांकडे मिळून एकाच कंपनीचा तोच तरुण येतो. सहा इमारतींना एक कंपनी चालते, तर सहा इमारतींना एक गार्दिएन का चालू नये? गुणांची पद्धत त्यासाठीच आहे, दहा हजार सहांत वाटता येतात. एक लोज तेवढी शिल्लक ठेवायला हवी. विकली गेलेली लोज परत घेणं या भावात कुणालाच जमणार नाही, म्हणून घाई आहे. आमची एप्रिलमध्ये विकली गेली. किल्ल्यांच्या फळीच्या जागी आता पांढरी भिंत आहे आणि तिथे दर चार दिवसांनी नवे पर्यटक उतरतात. समोरच्या इमारतीची अजून आहे. तिथल्या बाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत, आणि तिथले भाडेकरू आणि दोन मालक आता महिन्यातून एकदा आमच्याकडे जमून पत्रं लिहीत असतात.

आजी मे महिन्यात घरी परतल्या. आता रोज सकाळी आठ पन्नासला मी अंगणात उतरते आणि वर बघते. निळी चौकडी, लाल काठ, निळी चौकडी. मुलीचा नंबर माझ्याकडे आहे, किल्लीही आहे, तिला मी लाल लोकर बांधली आहे. डिसेंबरात चार आठवडे मी मुंबईला जाणार आहे. ती किल्ली कुणाकडे द्यायची, हे अजून ठरलेलं नाही.